एम दाबून बघ

पेनड्राइव्ह लावला. फाइल दिसते,
नाव दिसतं: भरमूकाका, माग तीन.
दोनदा टिचकी मारली तर म्हणतो,
हे उघडायला जे लागतं ते माझ्याकडं नाही.
नाही तर नाही. खोटं तरी बोलत नाही.

खडेबाजारातल्या बंद पडलेल्या झेरॉक्सवाल्याचा संगणक,
साडेतीन हजाराला, माऊसची शेपटी चिकटपट्टीनं बांधलेली.
विंडोजला पैसे पडतात म्हणून परशरामनं
दिवाळीत त्यात लिनक्स घातलं
आणि धारवाडला निघून गेला.
त्यानं पहिल्यांदा भाषा विचारली होती.
यादीत मराठी होती, कन्नडही होती,
न भांडता, आपापल्या जागेवर.
आम्ही दोघांनी इंग्रजी निवडली,
अडलं तर शोधायला सोपं पडेल म्हणून.

रात्रीचे अकरा. वडगावातले माग थांबलेले.
फोनवर परशराम: काकू, काळी खिडकी उघड,
सांगतो ते लिही, मधली जागा सोडायला विसरू नको.
मला शिकवतोस काय रे जागा सोडायला?
तीस वर्षं मी जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडते.
भोक असलं तर दोरा वर, नसलं तर खाली,
एक चुकलं तर मोराची चोच जाते.
तू फक्त एकेक अक्षर सांग.

पासवर्ड मागितला. लिहिला. काहीच उमटेना,
ठिपकासुद्धा नाही.
उमटत नसतंय काकू, लिहीत जा, त्याला कळतंय.

मग ओळी धावल्या, ताणा सुटल्यासारख्या,
आणि मधेच एक करडी पाटी येऊन थांबली,
अटी, अटी, खाली मान्य असा शब्द.
त्यावर माऊस नेला, दाबला, जोरात दाबला.
मान्य आहे म्हणते तर घेत नाही!
वीस मिनिटं मी आणि ती पाटी, समोरासमोर.
टॅब दाब, मग एंटर.
हे कुठं लिहिलंय?
कुठंच नाही की, काकू.

चित्र आलं.
भरमूकाका, तीन नंबरच्या मागाशी, बनियनवर,
ओठ हलतायत, बोट कशाकडं तरी,
आणि आवाज नाही.
त्यांना आता विचारावं म्हटलं तर ते रबकवीला, लेकीकडं,
फोन कानाला लावला की नुसतं हं हं करतात.
पन्नास वर्षांत मागानं कान नेले.
याच काठावरनं आमचं भांडण झालं होतं.
चूक तुझ्या पुठ्ठ्यात, म्हणाले. मी म्हटलं, मागात.

परशराम जांभई देत होता.
अजून एक ओळ लिही. खांब दिसले?
दिसले. बरण्यांसारखे. एकाखाली एम एम.
म्हणजे तोंड बंद. एम दाबून बघ.

दाबला,
आणि माजघरात माग सुरू झाला.
खट्‌-खट्‌, खट्‌-खट्‌, एवढा मोठा
की भिंतीपलीकडनं शेवंता ओरडली,
आत्ता कुणाचा माग चालू केलासा गं?

काकांचं बोलणं त्यात बुडून गेलं.
एवढी खटपट केली आणि हे.
तीनदा लावलं. चौथ्यांदा, धोटा वळताना, एवढंच सापडलं:
कै नोडब्याड, केळव्वा.
हात बघू नको. ऐक बाई.

मी पडद्याकडं पाठ केली.
मोजत बसले, मांडीवर बोटानं.
खट्‌-खट्‌, खट्‌-खट्‌,
आणि सतराव्याला खट्‌, खटखट्‌.
पुन्हा फेरा. पुन्हा सतराव्यालाच.
पुठ्ठा खुंटीवर बसत नव्हता, दोनदा आपटत होता.

मागात नव्हती चूक.

काकू, चालतंय का सगळं? ठेवू का फोन?
ठेव.
कपाटावरनं तीन नंबरची जुनी माळ काढली,
सतरावा पुठ्ठा दिव्यापुढं धरला.
खुंटीचं भोक फाटून लांबट झालेलं,
आणि कडेला माझ्याच अक्षरात तारीख.