किमान जाडी

चौदा महिने झेन पत्र्याखाली होती,
गोडोलीत, घराच्या डाव्या अंगाला.
काचबिंदूनं ह्यांची नजर आवळत आणली
तेव्हा आरटीओतल्या साहेबानं (ह्यांचाच विद्यार्थी)
मान खाली घालून फॉर्म परत दिला.
त्या दिवशी हँडब्रेक ओढला तो ओढलाच.

मग आमच्याकडचा पावसाळा,
कपाटातल्या चपलांना बुरशी आणणारा.
मी अधूनमधून काच पुसायची,
'शेडगे मोटार ड्रायव्हिंग स्कूल'च्या पाटीवरून
फडकं फिरवायची.
चाकाच्या आत कोण बघतं?

इलाही मुलाणीनं बघितलं.
डिस्कवर गेरूचा रंग,
बोट लावलं की बोटाला.
"वरचा गंज काही नाही, काकू,
चार ब्रेक मारले की निघतो.
हा बघा. हा नाही निघायचा."
जिथं पॅड चौदा महिने चिकटून बसला
तिथं त्याचा आकार राहिला होता,
ओल्या फरशीवरून पाट उचलल्यावर राहतो तसा,
आणि भोवतीनं लोखंड खाल्लेलं,
नखाला लागेल इतकं.

हे खुर्चीवर बसून ऐकत होते.
"पॉलिश पेपर मार," म्हणाले, "नवीन कशाला?"

म्हणून तशीच एकदा चालवून बघितली. मी.
मला ह्यांनीच शिकवलेलं,
लग्नानंतर, त्यामुळं जास्त ओरडून.
हे डावीकडे, नेहमीच्या जागी,
त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे अजून.
पोवई नाक्याकडं उतरताना दाबला
आणि पेडल थरथरलं,
थांबलं, पुन्हा थरथरलं,
दर फेऱ्याला चाक पायाला सांगत होतं:
इथं उभी होते. इथं. इथं.
दोन्ही पेडलं एका सळईनं बांधलेली,
त्यांच्याही पावलात तेच गेलं असणार.
"जाऊ दे," म्हणाले. "लेथवर दाखव."

कोडोलीच्या लेथवर एक पोरगा.
त्यानं तारेच्या ब्रशनं कड घासली, अक्षरं वर आली,
इतकी वर्षं चाकाच्या आत लिहून ठेवलेली:
किमान जाडी आठ.
व्हर्निअर लावला. आठ पूर्णांक दोन.
"एक हात मारला तरी खाली जाईल."
इतकं सरळ म्हणाला तो
की मला डॉक्टरांच्या खोलीतलं यंत्र आठवलं,
ज्यात ह्यांनी हनुवटी टेकवली होती.
तिथंही काहीतरी किमान होतं,
आम्हाला वाचता आलं नाही.

नवी जोडी बसली.
मागचे ड्रम हातोडीनं ठोकून सोडवले,
आणि इलाहीनं मला बजावलं:
हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही,
गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा,
धुतली की लगेच झाकू नका, चक्कर मारून वाळवा,
आठवड्याला एकदा काढाच,
कुठं जायचं नसलं तरी.

जुन्या डिस्का टाकीच्या झाकणावर ठेवल्यात.
माकडं झाकण उघडायची, आता वजन आवरत नाही त्यांना.
झाकणावर दोन तांबूस गोल उमटलेत,
घासून जात नाहीत,
मी घासतही नाही फार.

दर गुरुवारी यवतेश्वर.
वर जाताना हे बोलतात, पाटबंधाऱ्यातल्या त्या बाईंबद्दल
ज्यांनी पहिल्याच दिवशी रसवंतीत गाडी घातली.
उतरताना गप्प.
परवा तिसऱ्या वळणाआधी मी ब्रेककडं पाय नेला
तर पेडल माझ्या पायाआधीच खाली गेलेलं,
अलगद, अजिबात न थरथरता,
कुणी पायाखालची पायरी काढून घ्यावी तसं.
गाडी हळू झाली.
मग वळणाआडून कडब्यानं भरलेली ट्रॉली आली,
अर्धा रस्ता खात.

हे समोर बघतही नव्हते,
काचेला गाल लावून बसले होते.
"दिसली तुम्हाला?"
"काय?"
"ट्रॉली."
"नाही गं. उतार बुडाला कळतो.
सेकंड टाक आता."