बंद पाकीट

व्हेव्हे, नोव्हेंबर. सरोवरावर धुकं इतकं
की पलीकडचे डोंगर कुणीतरी पुसून ठेवलेत.
कॅसिनोच्या दिवाणखान्यात, भिंतीवरच्या मोठ्या पटापुढे
ओदिल शापुई उभी असते, हातात लांब काठी.
खाली जी चाल होते, तीच ती वर करते.
खेळ तिला येत नाही.
तिच्या भाषेत पटावर उंट नसतो,
त्या जागी वेडा असतो.
तो तिरका चालतो, हे तिला पटतं.

समोरासमोर दोघे.
झेल्मानोव्ह, एकसष्ट वर्षांचा, दोन स्वेटरांतही थंडी वाजणारा.
आणि रेमिगियूस, देश सोडून आलेला,
तिकडच्या छापील याद्यांतून ज्याचं नाव
ब्लेडनं खरवडून काढलंय.
एके काळी मेणकापडाच्या एकाच टेबलावर
ह्यानं त्याला शिकवली होती घोड्याची अडीच घरं.
आता हस्तांदोलनही नाही.
पहिल्या रांगेत दूतावासाची माणसं,
उंटावरून शेळ्या हाकणारी.

एकेचाळिसाव्या चालीला रात्र झाली, डाव थांबला.
म्हाताऱ्यानं हाताच्या आडोशानं पुढची चाल लिहिली,
पाकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं,
घरी पत्र धाडावं तसं.

रेमिगियूस झोपला नाही.
सतरा शक्यता. सतराही वेळा उत्तर तयार.

सकाळी पंचानं पाकिटाची कड कापली,
कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला,
आणि कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

अठरावी.

तेच बिनकामाचं प्यादं.
अकरा वर्षांचा असताना, कौनासच्या त्या गार खोलीत,
हीच चाल सुचवली होती त्यानं
आणि कानाखाली बसली होती.
तो कान अजून थोडा कमी ऐकतो.

समोरची खुर्ची रिकामी.
घड्याळ फक्त त्याचंच चालू.
चाळीस मिनिटं तो बसून राहिला.
लोक म्हणाले, सापळा शोधतोय.
सापळा नव्हता. चाल तेव्हाही चूक होती,
आजही चूकच.
एवढी मोठी माणसं माफीसुद्धा
हरूनच मागतात की काय.

मग त्यानं हत्ती उचलला.
चार चालींत संपलं असतं;
दुसऱ्याच चालीला हॉटेलातून फोन आला.

विजेत्यानं पंचाकडे फक्त तो कागद मागितला.
नियमात बसत नव्हतं.

टाळ्या विरल्यावर ओदिल काठीनं
एकेक मोहरा उतरवत राहिली.
कडेचं प्यादं तेवढं हुकाला अडकलेलं.
त्यासाठी तिला खुर्चीवर चढावं लागलं.