न सांगता

न सांगता जायचं, असा नियमच आहे.
म्हणून एंगुऱ्यात पहाटे गाडी लांब लावली,
तरी ओयार्सचं कुत्रं भुंकलंच.

धुरीघरात आल्डरचे ओंडके धुमसत होते.
सळ्यांवर डोळ्यांतून ओवलेले स्प्रॅट मासे,
नुकती कल्हई केल्यासारखे, पण सोन्याची.
"ये व्हिज्मा," तो म्हणाला, "बूट पुसून ये."
मी ओळखपत्र दाखवलं. तो हसला नाही.

धुरात एक विष उतरतं, लांबलचक नावाचं.
किलोमागे किती मायक्रोग्रॅम चालेल
ते ब्रसेल्समध्ये ठरतं.
त्याचा आजा मनगटावर ठरवायचा:
चटका बसला, की दार किलकिलं.

नमुन्याचे भाग पाडले.
एक प्रयोगशाळेला,
एक मोहोरबंद, त्याच्या बाजूने.
माझा निकाल पटला नाही
तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचा हक्क तुला आहे,
मी वाचून दाखवलं.
"म्हणजे कायद्यालाही वाटतं, तू चुकशील?"
वाटतं ना.
म्हणून तर मी त्याची नोकरी करते.

अहवालाची प्रत त्याने मिठाच्या बरणीखाली सरकवली
आणि चार मासे कागदात गुंडाळून पुढे केले.
हात मागे घेतला मी.
याच उंबऱ्यावर, सात वर्षांची,
हनुवटीवरून तेल ओघळेपर्यंत खाल्ले होते.
त्याला आठवत असावं. बोलला नाही.

निकाल अकरा दिवसांनी.

कचेरीत कोट खुंटीला टांगला.
दुपारी बारालाच तिसऱ्या मजल्यावर
सगळ्यांना भूक लागली.