जेनोव्हेसे

दोन किलो कांदा, किलोभर म्हशीचं.
टमाटं नाही, लसूण नाही.
गयाआत्या म्हणाली, मग मेलं राहिलं काय?

गॅसवर चार तास परवडत नाहीत,
म्हणून मागच्या चुलीत पऱ्हाट्या सारल्या,
वर दोन गोवऱ्या.
जहाजाच्या भटारखान्यात चिरो सांगायचा,
उकळी फुटू द्यायची नाही,
मधूनच एखादा बुडबुडा,
झोपेत लेकरू हसल्यावाणी.

नाव जेनोव्हाचं, रांधतात नेपल्सात.
असं का, ते चिरोलाही ठाऊक नव्हतं.
मी म्हटलं, माझं आडनाव आष्टीकर.
आष्टी एकदा एसटीच्या खिडकीतून पाहिली,
उतरलो नाही.

दीड वाजता कांदा गळाला.
तीनला, मांस कुठं संपलं अन् कांदा कुठं लागला
पळीलाही कळेना.
भिंतीपलीकडून कुणीतरी विचारलं,
काय शिजायलंय?
कांदा, मी म्हटलं.
खोटं नव्हतं.

लांब नळ्यांचा पास्ता जालन्यात मिळाला नाही.
आत्यानं पत्र्याच्या डब्यातून सरगुंडे काढले,
काडीवर गुंडाळून वाळवलेले, आतून पोकळ,
प्रज्ञाच्या लग्नातले उरलेले.

पहिला घास ती बराच वेळ चावत राहिली.
गोड झालंय रे.
मग उठून फळीवरचा येसर घेतला,
चिमूटभर,
अजून चिमूटभर.

चिरो असता तर बोंबलला असता.
मी माझं ताट
पुढं केलं.