तिसरी ओळ

पिंपळखेडच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात,
फळ्याच्या खिळ्याला संकपाळनं तक्ता टांगला.
वीस फूट मोजून खडूची रेघ मारली.
"याच्या पुढं कोणी यायचं नाही."
मी दाराशी, नोंदवही मांडीवर.
गावचा म्हणून मला बसवलेलं.

पहिले पुंजाजी. टोपी खिशात, डावा डोळा झाकून
रेघेवर टाचा जुळवून उभे राहिले.
वरची ओळ वाचली. दुसरी वाचली.
तिसरीत पहिलंच अक्षर, ळ.
"य," पुंजाजी म्हणाले.

संकपाळनं डोळ्यापुढं भिंग धरलं. "आता?"
"य."
दुसरं भिंग. "आता नीट दिसतंय?"
"मस्त दिसते."
"मग काय आहे?"
"य हाये बाप्पा. मघापासून य."

संकपाळ कराडकडचा, दोन महिन्यांपूर्वी आलेला.
इथं कोणी त्याला संकपाय म्हटलं
की खाली आपल्या बुटांकडे बघायचा.
त्यानं सांगितलं: उजवा डोळा, तिसरी ओळ, चूक.
मी लिहिलं.
लिहिणाऱ्यानं लिहावं, अशी माझी समजूत.

मग सरूबाई. य.
पिठाच्या गिरणीवाला झनकलाल. य.
मोटारसायकलची चावी बोटावर फिरवणारा
बारावीतला पोट्टा, त्याचाही य.
अकरा माणसं, आणि एकाच अक्षराला मोतीबिंदू.

बारावी तुळसा, लाखांदूरकडून या गावात दिलेली.
माहेरी ती तुरसा. इथं तुयसा.
तुळसा फक्त रेशनकार्डावर राहते.
पदरानं डोळा झाकून म्हणाली, "र."
रांगेतून कोणी हसलं. "र नाही वं, य."
"र तं आहे," ती म्हणाली,
आणि पदर काढून दोन्ही डोळ्यांनी बघितलं.
"र."

संकपाळ खाली बसला, पोरांच्या बाकावर,
गुडघे छातीशी.
पुंजाजींना राहवेना.
खडूची रेघ ओलांडून ते थेट तक्त्यापाशी गेले,
अक्षरावर बोट ठेवलं.
"साहेब, ह्या दोन गाठी पाहा, इकडे एक, तिकडे एक.
यमातला य नाही हा. तो येगया.
हा केयातला य."
"डोऱ्यातला," तुळसा मागून म्हणाली.
"तेच तं. डोयातला."

बाहेर हापशी वाजत होती, कुईं, कुईं.
कोणीतरी घागर उचलली, मग तीही थांबली.

मला पहिल्या य लाच ठाऊक होतं.
अमरावतीच्या वसतिगृहात, आरशापुढं,
मी ळ शिकलो होतो एका उन्हाळ्यात.
जिभेचं टोक उलटं मुडपायचं, टाळूवर आपटायचं.
काळा. बाळ. पळ. रोज शंभरदा.
जिभेखालची शीर दुखायची.
आता येतो. कोणाला कळत नाही.
झोपेत मात्र, बायको सांगते, मी म्हणतो: जोय ये.

अकरा वेळा चूक लिहिताना गप्प का बसलो?
बोललो असतो तर त्यानं विचारलं असतं,
तुला कसं माहीत?

खोडरबर नव्हतं.
मी चुकांवर काट मारत गेलो, एकेक करून,
पान जागोजागी फाटलं.
संकपाळनं माझ्या कानावरची पेन्सिल ओढून घेतली,
तक्त्याच्या कडेला, ळ च्या शेजारी, बारीक लिहिलं:
य चालेल. र चालेल.
जरा थांबून, खाली:
ल आला तर मला विचारणे.

पुंजाजी जाता जाता माझ्या वहीवर वाकले.
भिंग नाही, चष्मा नाही,
नुसत्या डोळ्यांनी, अक्षराखालून बोट सरकवत
नाव शोधलं. पुंजाजी इंगळे.
"बराबर लिवलं," म्हणाले. "इंगये."