हॅलिवेल साहेबाचं धुराडं

तीस रुपये तिकीट, चपला बाहेर.
गुंडेटींचा पोरगा, गळ्यात ओळखपत्र,
पाढे म्हटल्यासारखं सांगतो:
एकोणीसशे अकरा. गिरणीचे मॅनेजर हॅलिवेल.
विलायतेत वडिलांचं घर होतं टेकडीवर,
तसंच्या तसं त्यांना सोलापुरात हवं होतं.
टेकडी तेवढी मिळाली नाही.

बाहेर होटगी रस्त्याचं डांबर
चपलेला चिकटतंय,
आणि इथं दिवाणखान्याच्या भिंतीत
शेगडी, माणूस वाकून आत जाईल एवढी.
वर काळ्या दगडाची महिरप, तिच्यावर द्राक्षांचे घड.
ज्यानं कोरले त्यानं द्राक्ष पाहिलं नसावं,
बोरं वाटतात.

"नाताळात इथं जाळ पेटायचा," पोरगा म्हणतो.
सगळे हसतात.
पुण्याहून आलेल्या एक बाई
तिकिटानंच वारा घेतायत.

मला ही गोष्ट घरची आहे.
आजोबा तेव्हा तेरा वर्षांचे,
बापाच्या हाताखाली चुना कालवायचे.
सांगायचे,
"साहेबाला धुराडं पायजे. दिलं की ओ बांधून.
वर भोकच न्हाई ठिवलं!
शहाबादी ठोकली अन् गप बसलो.
ह्या गावात कोण येडा जाळ करतंय?"
आणि हसता हसता त्यांना ठसका लागायचा,
आज्जी तांब्या घेऊन यायची.

दर वेळी तीच गोष्ट, तोच ठसका.
कधी सांगायचे, ते आज इथं उभं राहून आठवतंय.
कुणी एलप्पाचं नाव काढलं, की.

एलप्पा त्यांचा धाकटा.
घरात त्याचा फोटो नाही. असणार कुठून.
पितरपाटात त्याच्या नावाचा
एक घास वेगळा निघतो, गुळाचा.
"ल्हानपनीच गेला," म्हणायचे,
आणि श्वास न घेता,
"तर साहेबाला धुराडं पायजे..."

मंडळी जेवणाच्या खोलीकडे सरकली.
मी दोरी ओलांडली.
गुडघे कुरकुरले, साठीचे आहेत.
'हात लावू नये' च्या पाटीला हात टेकून
शेगडीत डोकं घातलं, वर पाहिलं.

आभाळ.
जुन्या रुपयाएवढं, पांढरंफटक.
एक पोपट ओरडत त्यावरून गेला.

भिंतीवर बोट फिरवलं तर काजळी,
जुनी, पिठासारखी मऊ.
आणि दगडात खाचा,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
परत डावीकडे,
वर जाणाऱ्या.
एकीत हात घालून बघितला.
चार बोटं गेली, तळवा बाहेरच.
बापई पाय तिथं ठरणार नाही.
आणि पुढं धुराडं निमुळतं होत जातं,
माझ्या आजोबांचे तेराव्या वर्षीचे खांदेसुद्धा
तिथं अडकले असते.
आठ वर्षांचे नसते अडकले.

जेवणाच्या खोलीत गाठून पोराला विचारलं,
हे साफ कोण करायचं?
त्यानं हातातले कागद उलटेपालटे केले.
"तशी माहिती नाही मॅडम.
झुंबर मात्र बेल्जियमचं आहे."
चांगला आहे पोरगा. झुंबरही चांगलं आहे,
दोन लोलक कमी.

निघताना वही पुढं आली.
नाव, गाव, अभिप्राय.
माझ्या वरच्या ओळीत कुणी लिहिलंय,
अप्रतिम! असा वारसा जपला पाहिजे.
मी नाव लिहिलं, गाव सोलापूर,
आणि तिसऱ्या रकान्यात बराच वेळ पेन धरून
लिहिलं,
धुराड्याला वर भोक आहे.

मग ठसका लागला.
थांबेचना.
गुंडेटींचा पोरगा बाटली घेऊन पळत आला,
"धूळ आहे ओ आत," म्हणाला,
"कितीदा सांगितलं ऑफिसात, झाडून घ्या म्हणून."
मी पाणी प्याले.
त्याच्या बाटलीवर माझी काळी बोटं उमटली.