कच्चा रंग

शारजा, ऑगस्ट. छतावर जायचं ते साडेबाराच्या आत.
त्यानंतर तीनपर्यंत
मजुरांनी उन्हात काम करायचं नाही, असा इथे कायदा आहे.
माझ्या काचांना तो लागू नाही.

सोळा काचा, अंगठ्याच्या नखाएवढ्या,
प्रत्येकीवर टायटेनियमचा पांढरा लेप
रात्रभर रंगात बुडवून ठेवलेला.
रेणू क्रमांक सत्तेचाळीस:
कागदावर काढला तेव्हा गोमेसारखा दिसत होता,
बाटलीत उतरला तेव्हा थेट कोकमाचा आगळ.

रचना सांगायला सोपी.
एका टोकाला उदार, दुसऱ्या टोकाला हावरा,
मध्ये गंधकाच्या दोन कड्यांचा पूल.
उन्हाचा धक्का बसला की एक इलेक्ट्रॉन
पूल ओलांडून पलीकडे जातो,
आणि आल्या वाटेनं परत येऊ नये
एवढ्यासाठीच माझी सगळी खटपट.
यावं त्यानं, पण लांबच्या तारेनं,
वाटेत कुणाचा तरी पंखा फिरवून.
इथे कुणालाच हे दोनदा समजवावं लागत नाही.

दिव्याखाली आठ पूर्णांक एक टक्का.
शम्मा आकडा वाचायला वाकली तेव्हा
तिची शेला टेबलावरच्या रंगात बुडाली,
तरी ती हसत होती.
छतावर तिसऱ्या दिवशी दोन टक्के.
पाचव्या दिवशी
काचा पेजेसारख्या.

दुर्मुहम्मद पहाटे चारला पॅनलवरची धूळ पुसतो.
मकरानचा. बोलतो कमी.
एक काच उजेडाकडे धरून म्हणाला,
'कच्चा रंग, डॉक्टर.'
माझ्या चार वर्षांवर दोन शब्द,
तेही माझ्याच भाषेतले निघाले.

मग त्यानं विचारलं, आधी फिटकरीत बुडवलं नव्हतं?
त्याच्याकडे भरतकामाचा धागा बुडवतात.
फिटकरी म्हणजे तुरटी.
तुरटी म्हणजे रेणूचा तो हात, जो लेपाला धरतो,
ज्याला मी परिषदांमधून अँकर म्हणत फिरते.
हात आहे रे, म्हटलं, पण एकच.
आणि ते फार दाटीनं बसतात.
एकमेकांना चिकटले की घेतलेलं ऊन
आपापसांतच जिरवून टाकतात,
तारेपर्यंत काही पोचत नाही.

तो राहतो त्या वस्तीचं नाव सजा.
अरबीत अर्थ वेगळा असणार.
खोलीत आठ जण, खाटेवर खाट.
'कोपरं द्या त्यांना,' तो म्हणाला,
आणि बादली उचलून खाली गेला.

शोधनिबंधांत हे कधीचंच लिहिलेलं आहे.
मी ते वाचलेलं आहे, खाली रेघही मारलेली आहे.
लांब शेपट्या लावा, रेणू अंतर राखतात.
पण मी तेव्हा हावऱ्या टोकाच्या मागे लागले होते,
आणखी तांबडं, आणखी खोल,
आणखी थोडं ऊन ओढून घेणारं.
टिकण्याचं नंतर बघू.
आखातात येणारे सगळेच पहिल्या वर्षी असं म्हणतात.

आज सत्तेचाळीसची वही बंद केली.
अठ्ठेचाळीसला दोन हात,
सहा-सहा कार्बनांची चार कोपरं.
रंग थोडा फिका आहे, वांग्याच्या सालीचा,
आकड्यांत कदाचित सहाच भरेल.
संगणक नऊ दिवस मागतोय.
मला तेवढा धीर नव्हता;
शम्मानं संध्याकाळीच बाटली ढवळायला ठेवली.

घरी आले तर पश्चिमेच्या खिडकीतला पडदा.
घेतला तेव्हा कसला होता आठवेना,
आता नुसता उन्हाच्या रंगाचा.
कात्रीनं खालची दुमड उसवली.
आत बोटभर पट्टी,
गर्द जांभळी,
दुकानातून परवाच आणल्यासारखी.

तिच्यावर बोट टेकवून बसले बराच वेळ.
बोटावरचा डाग सत्तेचाळीसचा.
तो मात्र तीनदा धुऊनही गेला नव्हता.